उस्तादांनी बांधलेला इमाम-जामिन

आमच्या घराण्यात उंच माणसं पुष्कळ झाली, रुंद असा मी एकटाच. हैदराबादच्या गौलीगुड्यात आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं आणि मी दारात उभा राहिलो की आई चुलीपाशी बसून ओरडायची, "दिगू, सरक बाबा, उजेड अडवलास." शाळेत मला बाकाच्या कडेला बसवत, कारण मी मधे बसलो की दोन्हीकडची मुलं हळूहळू जमिनीवर यायची. मी किती भाकरी खातो हे आई कुणाला सांगत नसे, दृष्ट लागेल अशी तिची समजूत. पण असल्या गोष्टी लपतात कुठे? कोपऱ्यावरचा गिरणीवाला तेलुगू होता. ज्वारीचा डबा घेऊन आई त्याच आठवड्यात पुन्हा दिसली की तो अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "अम्मा, इंट्लो पेळ्ळी उंदा?" म्हणजे घरात लग्न आहे का. आई पदर तोंडाला लावून हसायची आणि घरी आल्यावर गिरणीवाल्याच्या नावानं मला एक भाकरी जास्तच वाढायची.

आमची सकाळ कानांनी सुरू व्हायची. बांग झाली की गवळ्यांच्या म्हशी गल्लीतून निघायच्या, मग बसस्टँडवरची पहिली बस खोकल्यासारखा आवाज करत सुरू व्हायची, आणि या सगळ्यावर आईचं भाकरी थापणं. त्या थापांवरून आईचा राग-लोभ ओळखता यायचा. हात हलका पडत असला की आज काही मागायला हरकत नाही. परात आपटायला लागली की गुपचूप दप्तर उचलायचं. शुक्रवारी अंबाडीची भाजी ठरलेली. शेजारची लक्ष्मम्मा तिला गोंगूरा म्हणायची आणि तिच्यात मिरच्या अशा घालायची की खाणाऱ्याला आपलं नाव आठवू नये. आमच्याकडे तीच भाजी तुरीची डाळ आणि लसणाची फोडणी घालून व्हायची. दोघींचं त्या पाल्यावरून वर्षानुवर्षं भांडण चालू होतं, आणि दोघी एकमेकींची भाजी वाटीभर मागून न्यायच्या.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. चारचौघांत ते अंग चोरून बसायचे, तोंडातून शब्द काढायला त्यांना जड जायचं. पण संध्याकाळी अंगणात मला समोर उभं करून फुटबॉल माझ्याकडे ढकलायला लागले की वेगळाच माणूस दिसायचा. त्यांच्या कॉलेजात ते फुलबॅक होते. अनवाणी खेळायचे, घोट्याला नुसती पट्टी गुंडाळून. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा एकदा मोडून वाकडा बसला होता, त्याचा त्यांना आईच्या दागिन्यांपेक्षा जास्त अभिमान होता. फुलबॅक म्हणजे गोलच्या पुढ्यात उभं राहून येईल त्याला अडवणारा. परवा माझ्या नातीला हे सांगत होतो. तिला मराठी वाचायला जमत नाही, म्हणून मीच वाचून दाखवतो. ती म्हणाली, "आजोबा, डिफेंडर बोलो ना सीधा!" असेल बाई डिफेंडर. पण बाबा मला म्हणायचे, "पुढचा पोरगा गोल मारतो, त्याच्या गळ्यात हार पडतो. आपण अडवलेला गोल कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण तो झालेलाच नसतो. हे चालणार असेल तर फुलबॅक हो." मला चालणार होतं. माझ्या आकारमानाच्या मुलाला जगात दुसरं काम तरी कोणतं होतं?

बाबांच्या बरोबरीनं दुसऱ्या बाजूला खेळणारा फुलबॅक म्हणजे मेहबूब उस्ताद. बाबा कचेरीत चिकटले आणि उस्ताद त्याच कॉलेजच्या मैदानावर राहिले, मुलांना शिकवायला. सडपातळ, पिकलेली आखूड दाढी, जाड भिंगांचा चष्मा, खाकी हाफपँट आणि तिच्यावर कधी कधी चक्क शेरवानी. कॉलेजसाठी मुलं निवडायला ते सायकलवरून शहरभर हिंडायचे. शाळांच्या मॅचेस गोलच्या मागे उकिडवे बसून बघायचे. कोण किती जोरात मारतो, कोण किती पळतो, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. मुलगा पडायची वाट बघत बसायचे. "गिरना तो सब कू आता," ते म्हणायचे, "गिरे बाद पैले किधर देखता, वो देखना." पडल्यावर आधी चेंडूकडे बघणारा मुलगा पुढे खेळवायचा. स्वतःच्या गुडघ्याकडे बघणाऱ्याला पाणी पाजून घरी पाठवायचं. आणि जो पडल्या पडल्या मागे वळून आपल्या गोलकडे बघतो, तो फुलबॅक. त्याच्या घरचा पत्ता विचारून घ्यायचा. माझा पत्ता विचारायची गरज नव्हती. शुक्रवारची अंबाडी-भाकरी खायला ते आमच्याकडे यायचेच. मला ते पहाड म्हणायचे. मी शाळेच्या वरच्या वर्गात गेल्यापासून त्यांनी मला दर मॅचला पाहिलं, पण आमच्या कॉलेजात ये असं तोंडानं कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायची वेळ येईल असं त्यांना, बाबांना, मला, कुणालाच वाटलं नव्हतं. नदी खाली वाहते तसा मी शाळेतून तिकडे जाणार होतो.

त्या वेळच्या हैदराबादेत फुटबॉल काय चीज होती हे आता सांगून पटत नाही. मॅच असली की इराण्याच्या हॉटेलात चहा थंड व्हायचा आणि रिक्षावाले सवारी सोडून मैदानाच्या भिंतीवर चढायचे. उस्तादांच्या हाताखालून गेलेल्या मुलाला भाजीवाली ओळखायची. मला गल्लीतून हिंडताना कुणी हार घालायला नको होते, पण उस्तादांच्या मैदानावरचं तो गोलपुढचा, गवत उडालेला मातीचा चौकोनी तुकडा मला हवा होता. बाबा तिथं उभे राहिले होते. मला तिथंच उभं राहायचं होतं, दुसरं काही नको होतं.

मग राज्यं भाषेप्रमाणे नव्यानं आखायची ठरली आणि कचेऱ्यांत माणसांची वाटणी सुरू झाली. "तुम्ही कुठं पडलात?" हा तेव्हाचा नमस्कार. बाबांच्या साहेबांचे कानडी हेडक्लार्क म्हैसूरला पडले, तेलुगू मंडळी जागची हलली नाहीत, आणि आमचे बाबा पडले मुंबईत. मुंबई राज्यात, असं म्हणायचं होतं, पण लक्ष्मम्मानं आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं, कारण तिला वाटलं आम्ही समुद्रकाठी राहायला जाणार. नेमणूक झाली औरंगाबादेला. गल्लीतून दर आठवड्याला एक तरी बैलगाडी सामान घेऊन काचीगुडा स्टेशनकडे जायची. कालपर्यंत एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांना पत्ते लिहून देत होती. बाबा संध्याकाळी अंगणात यायचे, चेंडू हातात घ्यायचे आणि न ढकलताच ठेवून द्यायचे.

आईचं माहेर औरंगाबादचं. तिचा पाठचा भाऊ, श्रीरंगमामा, तिथल्या नव्या कॉलेजात ड्रिलमास्तर होता. आजी लवकर गेली म्हणून आईनंच त्याला वाढवलेलं. मामा मोठा प्रेमळ, मोठा उत्साही आणि आवाजानं मैदानाएवढा. बदलीची बातमी कळल्याबरोबर तो हैदराबादेला येऊन थडकला, तो बगलेत बुटांचं खोकं घेऊनच. माझ्यासाठी कातडी बूट! मी आयुष्यात अनवाणीच खेळलो होतो. ते मी पायांत घातले आणि अंगणात दोन पावलं टाकली तर लक्ष्मम्माची कोंबडी घाबरून भिंतीवर चढली. मामा मात्र खूश होता. त्याच्या कॉलेजला फुटबॉलचा संघ उभा करायचा होता आणि सख्खा भाचा हैदराबादचा तयार गडी. त्याच्या जागी मी असतो तर मीही खोकं घेऊन आलो असतो.

तो शुक्रवार होता. उस्ताद बाबांच्या शेजारी पाटावर, मामा समोर, मी कोपऱ्यात, आणि आई चुलीपाशी.

"दाजी, बदली झालीच हाय," मामानं सुरुवात केली. "दिगूचं नाव आमच्याच कॉलेजात घालू. फी माफ. दोन्ही वेळचं दूध. वर राहायला आक्काच्या हाताखाली. अजून काय पाहिजे पोराला?"

बाबांनी घास तोंडाजवळ नेऊन परत ताटात ठेवला. "उस्ताद काय म्हणतात ते बघू."

"मेरेकू क्या पूछते मियां?" उस्ताद भाजीत भाकरी चुरत म्हणाले. "ये पैदा नै हुआ था, तब से इसका नाम लिख के बैठा हूं मै." सगळे हसले. मग ते हसायचे थांबले. "मगर माँ-बाप उधर, बच्चा इधर? नक्को. एकीच लडका है तुम्हारा. लेके जाओ बच्चे कू. घर पूरा रहना."

त्यांचा स्वतःचा एकुलता मुलगा आधीच देश सोडून निघून गेला होता. घरात बेगम आणि ते, दोघंच उरले होते. म्हणून तसं बोलायचा अधिकार त्यांना होता आणि त्यांच्यापुढे बोलायचा अधिकार कुणालाच नव्हता. मामा आनंदानं म्हणाला, "बघा, झालं की मग!" आईनं उस्तादांच्या ताटात आणखी भाजी वाढली. मला कुणी विचारलं नाही. मुलांना विचारायची तेव्हा रीत नव्हती, आणि मीही विचारल्याशिवाय तोंड उघडणारा नव्हतो. उस्तादांनी माझ्यासाठी भांडावं, मामाच्या बुटांचं खोकं बाहेर फेकावं, असं मला वाटत होतं. ते इतक्या सहज मला देऊन टाकतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला त्यांचा फार राग आला. ताटावरून उठून अंगणात गेलो आणि भिंतीला पाठ लावून रडलो. एवढ्या मोठ्या देहाच्या मुलाला रडायला जागाही मोठी लागते, त्यामुळे ते सगळ्यांना कळलं असणार. कुणी बाहेर आलं नाही.

निघायच्या सकाळी उस्ताद काचीगुड्याला आले, शेरवानी घालून. गाडीच्या खिडकीपाशी मी मान फिरवून बसलो होतो. त्यांनी खिडकीतून हात घालून माझा उजवा दंड धरला आणि खिशातून हिरव्या रेशमी कापडाची पट्टी काढली, आत नाणं शिवलेली. इमाम-जामिन. हैदराबादेत प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या दंडावर घरचं वडीलधारं माणूस ही बांधतं, वाटेत त्याचं रक्षण व्हावं म्हणून. माझा दंड पाहता बेगमनी पट्टी चांगली लांब शिवली होती, तरी गाठ मारताना उस्तादांची दमछाक झाली. "जाओ पहाड, इमाम जामिन के हवाले," एवढंच म्हणाले. मग चष्मा पुसत, गाडी सुटायच्या आधीच, पाठ फिरवून चालायला लागले. माझा राग तिथंच गेला. पुढे निजामाबाद येईपर्यंत मी त्या गाठीवर हात ठेवून बसलो होतो.

औरंगाबादेत मामानं कॉलेजच्या मैदानाला लागूनच घर घेऊन ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं मैदान दिसायचं. आल्यावर चार-सहा दिवसांतच त्यानं गावातल्या दुसऱ्या संघाशी मॅच ठरवली, प्रिन्सिपॉलसाहेबांना खुर्ची टाकली, मला बूट घालायला लावले आणि उभं केलं कुठं? सगळ्यांच्या पुढे, मधोमध! "एवढा दांडगा पोरगा मागं उभा करून काय सुपारी कातरायची?" तो म्हणाला. "तू नुसता पळत सूट. समोरचे आपसूक बाजूला होतील." ते बाजूला झाले हे खरं. पण चेंडू माझ्या पायाशी आला की मला काय करायचं सुचेना, आणि तो माझ्यापासून गेला की माझे पाय आपोआप मागे, आपल्या गोलकडे वळायचे. मी मागे धावायचो, मामा कडेनं ओरडायचा, "आरे पुढं! पुढं!" मी पुढे यायचो, परत मागे. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मामाला विचारलं म्हणे, की या मुलाची काही वस्तू तिकडे पडली आहे का? एकदा मी धडपडलो. पडल्या पडल्या मान मागे वळवली. गोल लांब होता, आणि त्याच्या पुढ्यात उभं राहायला एक काडीपैलवान पोरगा. मान परत फिरवताना खिडकीत आई दिसली. हातात उलथनं तसंच धरून ती माझ्याकडे बघत उभी होती.

त्या दिवशी तिनं खास पुरण केलं होतं. मला जेवण गेलं नाही. बूट चावले म्हणून सांगितलं, ते खोटंही नव्हतं. मामा खुशीत होता. खेळ काय, शिकेल हळूहळू, पोराचा आकार तर सगळ्यांनी बघितला! "उद्याच्याला फॉर्म भरून टाकू, दाजी. अन् दिगू, ती हिरवी पट्टी आता काढ बरं. प्रिन्सिपॉलसाहेब विचारत होते."

मी गाठीला हात घातला, तेवढ्यात आई परातीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "हात लावू नको."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"ज्यानं बांधलं, त्यानंच सोडायचं आसतं," आई म्हणाली. "गंडा आसो, कंकण आसो. दुसऱ्याच्या हातानं सुटलं तर लेकराला बाधतं."

"आक्का, आसलं काही नसतं गं."

"श्रीरंगा, तुला ड्रिलातलं कळतं. यातलं नाही. अन् दुसऱ्याचं बांधलेलं दंडावर आसताना नव्या कॉलेजात नाव घालायचं? आधी उस्तादभाऊंकडून सोडवून आणा, मग घाला काय घालायचं ते."

बाबा काहीतरी बोलणार होते. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम खोकला आला. खोकून झाल्यावर म्हणाले, "मला गौलीगुड्याच्या घराची किल्ली मालकाला द्यायचीच आहे. घेऊन जातो याला. चार दिवसांत परत." मामानं कपाळावर हात मारून घेतला, पण ज्या बहिणीनं त्याला न्हाऊ-माखू घातलं तिच्यापुढे त्याचं काही चालत नसे. आणि मी? दंडावर इमाम-जामिन बांधतात हे मी स्टेशनवर शंभरदा पाहिलं होतं. सोडतात कधी, ते कोण बघतं? आई म्हणते तर असेल तसं, असं मी धरून चाललो. मला फक्त एवढंच कळत होतं की एकदा ते मैदान पुन्हा बघायला मिळणार.

आम्ही पोचलो तेव्हा उस्ताद नेहमीच्या जागी, गोलमागे उकिडवे बसले होते. मैदानात मुलं खेळत होती. आम्हाला बघून ते गडबडीनं उठले. "क्या जी, खैर तो है? इत्ते जल्दी?"

मी दंड पुढे केला. "उस्ताद, खोलो. आई बोली, जो बांधा वोइच खोलना."

"अरे पागल!" उस्ताद हसायलाच लागले. "ये तो उतरतेच खोल के किसी गरीब कू दे देना था! हैदराबाद में बडा हुआ, इत्ता बी नै मालूम?" मग ते बाबांकडे वळले. "माणिक, इसकू नै मालूम. तेरेकू तो मालूम था! कित्ते बार बांधा मै तेरेकू."

बाबा पलीकडच्या गोलकडे बघत होते. "मालूम था. मगर घर का हुकूम था, मियां. मै क्या बोलता?"

उस्तादांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी बाबांकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांचा हात माझ्या दंडाकडे आला. त्यांची बोटं गाठीवर टेकली आणि मी डोळे मिटून घेतले. गाठ सुटली की मी उद्याच्या गाडीनं परत जाणार, फॉर्मवर सही होणार आणि मामाच्या मैदानावर पुढे-मागे धावत माझी कॉलेजची वर्षं संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"भाभी ऐसा बोले?" उस्तादांचा आवाज आला. "जो बांधा, वोइच खोलना?"

"हौ," मी डोळे मिटूनच म्हणालो.

"बांधा कौन?"

"तुम."

"तो फिर मै नै खोलता."

मी डोळे उघडले. त्यांनी हात मागे घेतला होता आणि तो हात शेरवानीच्या खिशात लपवलाही होता, जणू काही मी तो ओढून घेईन. "भाभी का हुकूम माणिक तू मानता, तो मै बी मानता. पढाई पूरी होने तक नै खोलता. जा रे पहाड, चप्पल निकाल. गोल के सामने कोई नै है, देख." आणि बाबा, जे चारचौघांत अंग चोरून बसायचे, ते मैदानाच्या कडेला मांडी घालून बसले आणि मोठमोठ्यानं हसायला लागले. मी चप्पल काढली. त्या मातीत पाय ठेवला.

बाबा एकटेच परत गेले. तिथं काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. मामा तडतडला, म्हाताऱ्यानं डाव साधला म्हणाला. आई शांतपणे म्हणाली, "आता त्यांनी सोडलंच नाही तर आपण काय करणार?" मग बाबांना विचारलं, हॉस्टेलात जेवायला काय देतात, आणि उत्तर ऐकून ज्वारीचं पीठ चाळायला बसली. मामाचा राग फार टिकला नाही. पुढच्याच वर्षी तो आमची मॅच बघायला आला, लाडवांचा डबा घेऊन, आणि मैदानाच्या कडेनं सगळ्यांना सांगत फिरला की हा माझा भाचा. मी त्या मैदानात बाबांच्या जागी उभा राहिलो. फार मोठा खेळाडू झालो नाही, पण उस्तादांनी मला एकाही महत्त्वाच्या मॅचला बाहेर बसवलं नाही. शेवटचा पेपर झाल्यावर त्यांनी ती पट्टी सोडली. मळून तिचा रंग ओळखू येत नव्हता. नाणं त्यांनी माझ्याच हातानं मैदानाच्या फाटकाशी बसणाऱ्या आंधळ्या म्हाताऱ्याला द्यायला लावलं.

मला नोकरी हैदराबादेतच लागली, नल्लकुंट्यात घर झालं, आणि आई-बाबा औरंगाबादेतच राहिले. सुट्टीत जायचो, दिवाळीला जायचो, पण मुलगा असा त्यांच्या घरात पुन्हा राहिला नाही. पाहुणे आले की ही गोष्ट मी रंगवून सांगायचो, आईच्या देखत. माझ्या फुटबॉलचा पाया म्हणजे आमच्या मातोश्रींचं अज्ञान, असं म्हणून टाळ्या घ्यायचो. बाबा हसायचे, "भोळी आहे रे ती." आई हसत हसत आत निघून जायची. मनातून मला तिची कणव यायची. बिचारीनं एका खुळ्या समजुतीपायी हातातला मुलगा घालवला.

बाबा गेल्यावर आई नल्लकुंट्याला आमच्याकडे आली. उस्ताद आणि बेगम त्याही आधी गेले होते. माझी मुलगी उषा शिकायला परगावी निघाली, तेव्हा नामपल्ली स्टेशनवर तिला पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो, आईसुद्धा हट्टानं आली. गाडीला वेळ होता. आईनं कमरेच्या पिशवीतून हिरवी पट्टी काढली, आदल्या दिवशी बसून शिवलेली, आणि नातीच्या उजव्या दंडावर बांधायला लागली. गाठ मारता मारता ती उषाला म्हणाली, "उतरलीस की आधी हे सोड, अन् पहिला गरीब दिसंल त्याच्या हातावर ठेव. इसरू नको."

मी विचारलं, "आई, ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं ना?"

आईनं मान वर केली नाही. "तो नेम तुझ्यापुरता होता."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तू पोटात होतास, मी बाळंतपणाला निघाले, तवा बेगमनं मला बांधलेला. औरंगाबादला उतरले अन् सोडला. मला माहीत नाही व्हय?"

"मग बाबांना..."

"त्यांला वाटायचं मी भोळी. वाटू दिलं. श्रीरंगाला तोंडावर नाही म्हणवत नव्हतं, माझ्या हातचं लेकरू ते बी."

गाडीची घंटा झाली. उषा पाया पडून डब्यात चढली. इतकी वर्षं औरंगाबादेतल्या त्या घरात ती दोघंच जेवायला बसत होती, हे मला पहिल्यांदाच दिसलं. मी म्हणालो, "मला वाटायचं, मी तुझ्या हातून चुकून सुटलो."

आईनं माझ्याकडे बघितलं, अगदी लहान मुलाकडे बघावं तसं.

"चुकून कोणती आई लेकरू सोडती रे, दिगू?"